शेवटच्या पायरीपर्यंत

लिथारी, मानी
५ मार्च १९६२

कुंबारे लिगोरिस,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. गेलेला आमच्यात एक तूच, आणि परवा, मृतांच्या शनिवारी, आपल्या पाद्र्याने, पापा-अनार्गिरोसने, चर्चमध्ये तुझं नाव नेहमीसारखं वाचलं. तुझ्या नावाने शिजवलेल्या गव्हांचं ताट कानेला घेऊन आली होती. वरची पिठीसाखर तिने स्वतः थापली होती, डाळिंबाचे दाणे लावून क्रूस काढला होता. ताट ठेवताना मला म्हणाली, "धर्मआई, बाबांना डाळिंब आवडायचं ना?" मी हो म्हटलं. तुला काय आवडायचं ते मला कुठे ठाऊक.

पत्राचं कारण सांगते. तुझी पोथिती पुन्हा लग्न करते आहे. मेलबर्नला आपल्याकडचाच एक किराणा दुकानदार आहे, विधुर, फोटोत तरी बरा दिसतो. तिच्या भावाने, थोदोरोसने जमवलं. जूनमध्ये पिरेअसहून त्यांचं जहाज आहे. कानेलाही जाणार. मेलबर्नहून माणसं परत येत नाहीत, फोटो येतात.

जहाज बुडालं त्याच्या आधीच्या बंदरात तू भांडून उतरला होतास, हे गावात फक्त तिघांना ठाऊक आहे: पोथितीला, थोदोरोसला आणि मला. तुझ्या भावालाही सांगितलेलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा थोदोरोस काय म्हणाला ते तुला कळवलंच होतं. "चाळिसावा दिवस झाला, गहू खाऊन झाले. या घरात माणूस एकदाच मरतो." दोन वर्षं तू एक ओळ लिहिली नव्हतीस, त्यामुळे मलाही त्याला काही म्हणता आलं नाही. आता तर तू मेलेलाच राहायला हवास, नाहीतर हे लग्न चर्चमध्ये लागणार नाही. बिशपला वगैरे काही लिहिणार नाहीस असा शब्द मला दे.

बदल्यात माझ्या हातात एवढंच आहे. शाळेची सहल दरवर्षी मिस्त्राला जाते. यंदा मी ती तुझ्या त्या प्राचीन दगडी थिएटरच्या अवशेषांकडे आणते आहे, मे महिन्यात. तू तिथला पहारेकरी, त्यामुळे तुझं तिथे असणं कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. तिला बघ. पाणी दे, दोन शब्द बोल. तू कोण ते सांगायचं नाही.

तुझ्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मी वर काढलं आहे. त्या कुंबाराच्या नात्याने लिहिते आहे. तुझ्यासाठी नाही.

एव्दोकिया


अलोनाकी, आर्गोलिदा
१४ मार्च १९६२

कुंबारा एव्दोकिया,

शब्द दिला. मेलेला आहे, मेलेलाच राहीन. मला सवय आहे. इथे सगळेच मेलेले आहेत, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे, त्यांच्यात मी सगळ्यात ताजा.

तुझं पत्र शर्टाच्या खिशात घालून फिरतो आहे. घामाने अक्षरं पसरली, पण आता ते पाठ झालं आहे. साखर, डाळिंबाचे दाणे, क्रूस. पोर हाताने नीटस आहे, नाही का? माझी आई तशी होती.

माझं काम म्हणशील तर टोपी आणि शिटी. कोणी दगडावर चढला, शिटी. कोणी खांबाला मिठी मारून फोटो काढायला लागला, शिटी. थिएटरच्या मधल्या वर्तुळात कोणी गायला किंवा नाचायला लागला तर मोठी शिटी, तसा वरून हुकूमच आहे. आवाज वरपर्यंत जातो का ते नाणं टाकून बघायचं, कागद फाडून बघायचं, टाळी वाजवायची, तेवढं चालतं. आता तर शिटी माझ्या आधी तोंडात जाते, मी मागून पोचतो. कॉफीच्या दुकानात म्हणतात, "लिगोरिस बायकोला पण शिटी मारून बोलावेल." मी म्हणतो, असती तर.

कानेलाची खूण सांगू नकोस. नाव माझ्या आईचं आहे, तोंडावळाही तिचाच असणार. ओळखेन मी. खोलीमागे संत्र्याचं एक झाड आहे. उशिरा पिकणारं. आजपासून त्याला कोणी हात लावायचा नाही असं शेजारच्या पोरांना बजावून ठेवलं आहे. त्यांनी विचारलं, "कोण येणार आहे, बिशप?" मी म्हटलं, त्याहून मोठं माणूस.

लिगोरिस


लिथारी
२५ एप्रिल १९६२, पवित्र बुधवार

कुंबारे,

सहल ठरली. शुक्रवार, ११ मे. एक अडचण आहे. मुलींबरोबर गावातला एक पुरुष असावा असं पालकांनी ठरवलं आणि थोदोरोसने स्वतःहून हात वर केला. त्याला काही कळलेलं नाही, फुकटात अवशेष बघायचे आहेत. पण तो तुला ओळखेल. तेव्हा टोपी खाली ओढ आणि तो आत आला की तू लांब जा, अगदी वर, शेवटच्या पायरीवर जाऊन बस.

सगळ्या मुली शाळेच्या निळ्या झग्यांत असतील, पांढरी कॉलर, तुला सगळ्या सारख्याच दिसतील. म्हणून उतरताना मी मोठ्याने हाक मारीन: कानेला, बाटली घेऊन ये. जी वळेल ती.

वर्गात तुझ्या थिएटरचा धडा घेतला. मधोमध उभं राहून कोणी कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू जातं, असं सांगितलं. कानेलाने विचारलं, "आणि त्याच्या पलीकडे?" मी म्हटलं, पलीकडे डोंगर आहे. "आणि डोंगराच्या पलीकडे?" मी म्हटलं, समुद्र, आणि आता वही उघड.

तू दिलेला शब्द लक्षात ठेव.

एव्दोकिया


अलोनाकी
१२ मे १९६२

कुंबारा,

तुझा हात कोणत्या देवाने धरला होता ते मला ठाऊक नाही, पण त्याच्यापुढे मी वर्षभर मेणबत्ती लावीन.

सगळं सांगतो, तू मागे होतीस, तुला दिसलं नसेल. बस थांबली. तू कोणाचं तरी डोकं धरून रस्त्याच्या कडेला उभी होतीस, ओकत होतं बिचारं, तुमच्या घाटांनी कोणाची आतडी जागेवर राहतात. त्यामुळे हाक तुझी आली नाही, ड्रायव्हरची आली. "कानेला, ती बाटली आण गं." आणि ती वळली.

कुंबारा, माझी आई वळली. तीच हनुवटी, त्याच भुवया, पाठीवर दोन जाड वेण्या. बाटली देऊन ती फाटकाशी आली, मी तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. तिला संत्रं दिलं.

ती म्हणते, "आजोबा, चोरीचं नाही ना?"

आजोबा. केस पांढरे झाले म्हणून. मी म्हटलं, "झाड माझं आहे. चोर कोण ते अजून ठरायचंय."

हसली. तिथेच सोलून खाल्लं, हात झग्याला पुसले. मग माझ्या गळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "शिटी कशाला?"

"कोणी आत गायला लागलं तर."

"गायलं तर काय होतं?"

"दगड जागे होतात."

"होऊ देत की," म्हणाली. "दिवस उजाडलाय."

असं बोलते ती. "कोणाची गं तू?" असं विचारायचं फार मनात होतं. आपल्याकडे परक्या पोराला पहिलं तेच विचारतात. पण जीभ उचलली नाही. उत्तर काय येणार ते माहीत होतं: बुडालेल्याची. तिच्या तोंडून ते ऐकायला मी तयार नव्हतो. दुसरं संत्रं तिच्या खिशात घातलं आणि डोक्यावर हात ठेवला. एवढंच.

तेवढ्यात थोदोरोस आला, तसा मी पायऱ्या चढून अगदी वर जाऊन बसलो. किती फुगला आहे तो. वरून मला ती नीट दिसत होती, खालून तिसऱ्या पायरीवर बसून दुसरं संत्रं सोलत होती. बाकीच्या मुली मध्ये जाऊन नाणं टाकत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मी फक्त वेण्या बघत होतो. एवढं सुख मला कशाबद्दल मिळालं, असं मनात आलं.

आणि मग तुमच्यातली ती एक. लांब टांगांची, केस मुलग्यासारखे कापलेली. सरळ मध्ये गेली, गुडघ्यांवर बसली, तळहाताने दगडावर दोनदा थापटलं आणि आवाज लावला. पहिल्याच सुराला कळलं, आपल्याकडचा विलाप. कुंबारा, शाळेतल्या पोरींना हे कोण शिकवतं? समोर मेलेलं माणूस नसताना विलाप म्हटला तर तो रिकामा परत जात नाही, कोणाला तरी घेऊन जातो, हे आपल्या आया सांगत आल्या. आणि माझी पोर तिथे समोर बसून खात होती. मी शिटी मारली. ती थांबेना, मग दुसरी मारली, लांब, छातीतला सगळा वारा लावून. तेव्हा थांबली. वर माझ्याकडे बघत बसली, गुडघ्यांवरच. शेवटी तू जाऊन तिला दंडाला धरून उठवलंस. बरं केलंस. घरी गेल्यावर तिच्या आईला सांग, पोरीला आवर म्हणावं.

बसमध्ये चढताना तू डोळे पुसत होतीस. मी समजलो. मीसुद्धा इथे खोलीत येऊन तेच केलं.

आता मला मेलेलं राहायला काही जड जाणार नाही.

लिगोरिस


लिथारी
१९ मे १९६२

कुंबारे,

आम्ही सुखरूप पोचलो. थोदोरोसला संशय आलेला नाही. मुलींना सहल आवडली. परीक्षा जवळ आल्या आहेत, त्यामुळे जास्त लिहीत नाही. तू आता स्वस्थ राहा आणि मागचं उगाळू नकोस.

एव्दोकिया


अलोनाकी
२४ मे १९६२

कुंबारा,

चार ओळींचं पत्र. परीक्षा मुलींची आहे की तुझी?

मी रागावलेलो नाही. हल्ली मला रागच येत नाही. परवा एक जर्मन खांबावर चढला, मी त्याला हाताला धरून खाली उतरवला आणि संत्रं दिलं. शेजारची पोरं म्हणतात, लिगोरिस आजारी आहे.

एक ठरवलं आहे, ते तुला सांगून करतो. जहाज नऊ जूनला सुटतं ना, मी पिरेअसला जाणार. दिलेला शब्द मोडणार नाही. धक्क्यावर एवढी गर्दी असते, त्यात पहारेकऱ्याच्या टोपीखाली कोण ते कोण बघतो. वेण्यांसाठी दोन लाल फिती घेतल्या आहेत. गर्दीत जवळून जाताना तिच्या हातात सरकवीन. तिला फाटकावरचा आजोबा आठवेलच, घाबरणार नाही. आता चेहरा पाठ आहे, हजारांत ओळखेन.

नको म्हणू नकोस.

लिगोरिस


लिथारी
२९ मे १९६२

लिगोरिस,

तू पिरेअसला जाऊन भलत्याच वेण्या शोधशील, म्हणून हे लिहावं लागतं आहे. नाहीतर हे माझ्याबरोबर मातीत गेलं असतं.

तू जिला संत्रं दिलंस ती तुझी मुलगी नव्हे. ती दिकेओसची कानेला. तुझ्या भावाची. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी जन्मली. त्यालाही पहिली मुलगीच झाली, त्यानेही आईचंच नाव ठेवलं, दुसरं कोणतं ठेवणार. तोंडावळा तुझ्या आईचा आहे हे खरंच, तिचीच नात आहे ती. गावात आम्ही दोघींमध्ये कधी गोंधळत नाही. एक दिकेओसची, एक बुडालेल्याची. तुला हे सांगायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू विचारायचं ते विचारलं असतंस, कोणाची गं तू, तर तिने पटकन सांगितलं असतं. मीही हाक मारायची ती मारली असती, पण माझे हात गुंतले होते. मी जिचं डोकं धरून उभी होते, तू जिला "बिचारं" म्हणालास, ती तुझी. ड्रायव्हरने बाटली मागवली ती तिच्याचसाठी.

तिचे केस फेब्रुवारीतल्या तापात कापावे लागले. उंची तुझी आहे. टांगाही तुझ्याच.

आता राहिलेलं ऐक.

पोथितीने तुझ्यावर कधी विलाप म्हणू दिला नाही. गहू शिजवले, नाव वाचायला दिलं, पण विलापाला बायका जमल्या तेव्हा दार लावून घेतलं. गावाने तिला दगड म्हटलं. मला ठाऊक होतं, जिवंत माणसावर रडगाणं म्हणायला तिचं तोंड उघडलं नाही. पण पोरीला हे कोण सांगणार. तिच्या मनाने एवढंच घेतलं की बाबांना थडगं नाही आणि त्यांच्यावर कोणी रडलंही नाही. मेलबर्नला जायचं ठरल्यापासून ती विलाप म्हणणाऱ्या गारूफल्या म्हातारीकडे जाऊन बसायला लागली. गारूफल्या तिला हाकलायची: "जा गं, तुझे अजून दुधाचे दात आहेत, मेलेली माणसं तुझं ऐकणार नाहीत." तरी ती जायची. सबंध हिवाळा लावून तिने ओळी जुळवल्या. मला ठाऊक होतं. तुला कळवलं नाही, कारण बापाला हे कोणत्या तोंडाने लिहायचं?

आणि मग मी वर्गात थिएटरचा धडा घेतला.

परतताना बसमध्ये तिने मला सांगितलं, "शेवटच्या पायरीपर्यंत आवाज जातो ना, मग जोर लावला तर डोंगरापलीकडे समुद्रापर्यंतही जाईल, म्हणून तिथे म्हटलं." समुद्राचं मला माहीत नाही, कुंबारे. शेवटच्या पायरीपर्यंत गेला. मी शिकवलं ते खरं निघालं. तिथे तू बसला होतास.

तिच्या दोनच ओळी झाल्या होत्या.

दर्या, एक माणूस तुझ्याकडे राहिला, आम्ही मागायला आलो नाही.
निदान त्याचा सदरा दे, मीठ धुऊन वाळत घालीन.

तिसऱ्या ओळीत तिने तुझं नाव घातलं होतं. ती मी ऐकलेली नाही. तिथे शिटी आली.

त्यानंतर सबंध वाटेत ती आणखी एकच वाक्य बोलली: "धर्मआई, त्या माणसाला काय त्रास होत होता?" गारूफल्याने नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, विसरले मी ते.

पिरेअसला जायचं की नाही ते तू ठरव. ती आईचा तपकिरी कोट घालून असेल, तिला तो मोठा होतो. तुला ती लगेच ओळखेल. शिटीवाला म्हणून.

एव्दोकिया


अलोनाकी
१२ जून १९६२

कुंबारा,

गेलो होतो.

तुझं पत्र मिळाल्यावर दोन दिवस कामावर गेलो नाही. मग वाटलं, निदान तोंड तरी बघू. त्या दिवशी मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. वरून एक कापलेलं डोकं, एवढंच.

धक्क्यावर माणसाला माणूस चिकटलं होतं. ट्रंका, कोंबड्या, म्हाताऱ्या आया. थोदोरोस हमालांशी भांडत होता, त्याचा आवाज आधी ऐकू आला. मग तपकिरी कोट दिसला. बाह्या दुमडलेल्या. डोळे पोथितीचे आहेत, तू ते लिहिलं नव्हतंस. मी दोराला धरून उभा राहिलो. वाटलं होतं लांबूनच बघू, पण गर्दीने मला ढकलत ढकलत तिच्यापुढे नेऊन उभं केलं.

तिने ओळखलं. आईचा हात ओढून म्हणाली, "आई, हा तो शिटीवाला."

पोथितीने वर बघितलं. काय सांगू. तिचं तोंड एकदम पांढरं पडलं, आणि मग तिने कोटाची कॉलर सारखी केली, पोरीची, स्वतःची नव्हे. म्हणाली, "असेल कोणी. चल."

पोर हलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे तरी गाऊ देणार का?"

तिला हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. तुला शब्द दिला होता. आणि शब्द नसता तरी काय सांगणार होतो? ज्याच्यासाठी तू सबंध हिवाळा ओळी जुळवल्यास तो मी, आणि मीच तुला गप्प केलं? मी म्हटलं, "इथे माझी हद्द नाही, बाळ."

"मग बरं," म्हणाली. आणि शिडी चढून गेली.

सगळ्या बायका रडत होत्या, रुमाल हलवत होत्या, कोणी कोणी मोठ्याने गात होत्या. ती कठड्याशी उभी होती, तोंड मिटून. मी शेवटपर्यंत थांबलो. गायली नाही.

फिती खिशातच राहिल्या. तिच्या केसांत त्या बसल्याही नसत्या.

गारूफल्याला तिसरी ओळ ठाऊक असली तर कळव, आणि तिने सांगायला नको म्हटलं तर राहू दे. शिटी मी अजून गळ्यात घालतो, पोटाचा धंदा आहे. पण मधल्या वर्तुळात कोणी तोंड उघडलं की मी खोलीत जाऊन बसतो. त्याबद्दल कालच लेखी समजही मिळाली.

आता एक काम सांगतो, तेवढं कर. या शनिवारी पुन्हा मृतांचा शनिवार आहे. पोथितीचं दार बंद झालं, माझ्या नावाचे गहू शिजवायला त्या घरात कोणी राहिलं नाही. तू शिजव. पापा-अनार्गिरोसला नाव दे, त्याला ते पाठच आहे. मेलबर्नला चर्च आहे म्हणतात, तिथे पोर माझं नाव पुढे देत राहील की नाही ते कोण जाणे. आणि देत राहिली तर त्याहून वाईट.

या दिवसांत डाळिंब मिळणार नाही, बेदाणे घाल. मला डाळिंब कधीच आवडलं नाही, कुंबारा. तिला पत्र लिहिशील तेव्हा मात्र आवडायचं असंच लिही.

लिगोरिस